फ्रान्समध्ये कॅरॅव्हॅन घेऊन निसर्गरम्य रस्त्याने जायचंय? या चुका टाळा

फ्रान्सच्या उत्तर टोकाच्या कॅले बंदरापासून दक्षिणेच्या भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे हजार किलोमीटर. ब्रिटन किंवा नेदरलँड्समधून गाडीमागे कॅरॅव्हॅन (म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) जोडून दक्षिणेकडे निघणाऱ्या मराठी मंडळींना वाटतं, नुसता मोटरवे तुडवत काय जायचं, जरा चांगल्या रस्त्याने जाऊ. इच्छा अगदी रास्त आहे. पण जो रस्ता सुंदर त्याच रस्त्यावरून कॅरॅव्हॅनही न्यायची, असा समज करून घेतला की पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. कॅरॅव्हॅन रुंद आणि सौम्य चढाच्या रस्त्याने दरीच्या तोंडापर्यंत न्या, कॅम्पसाइटवर लावा, हुक सोडवा आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या गाडीने दरी बघा. चालवणाऱ्यालाही तेव्हाच डोळे वर करून काही बघता येतं.

नकाशावरच्या हिरव्या रेषेवर विसंबणं

मिशेलिन कंपनीच्या रस्त्यांच्या नकाशात निसर्गरम्य रस्त्याला हिरवी कडा असते. ती पाहूनच अनेकजण मार्ग आखतात. त्याच रस्त्यावर छोटे बाणही असतात, त्यांच्याकडे मात्र लक्ष जात नाही. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन बाण म्हणजे ९ ते १३ टक्के आणि तीन बाण म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं, म्हणजे आपण उलट बाजूने येत असू तर तोच आपला उतार. कॅरॅव्हॅन मागे असताना एका बाणाचा रस्ता चालेल, दोन बाण दिसले तर पर्याय शोधावा आणि तीन बाणांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे. हिरवी कडा ही फक्त दृश्याची पावती असते. रस्ता किती रुंद आहे, समोरून बस आली तर काय होईल, हे ती सांगत नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या तार्न नदीच्या दरीचंच पाहा. सेंत-एनिमी, ला मालेन, ले रोझिए अशी गावं जोडणारा डी९०७बिस हा रस्ता कड्याला चिकटून जातो, वर खडक पुढे झुकलेले, मध्येच छोटे बोगदे. ऑगस्टमध्ये तिथे कॅरॅव्हॅन घालणं म्हणजे स्वतःचा आणि मागच्या पन्नास गाड्यांचा दिवस घालवणं. मियो गावात तार्न आणि दूर्बी या नद्यांच्या संगमाजवळ कॅम्पसाइट आहेत. तिथे दोन रात्री मुक्काम केला तर सगळी दरी आरामात बघून होते. व्हेर्दोंच्या दरीसाठी कास्तेलान किंवा मुस्तिए इथे, आणि कांतालच्या ज्वालामुखी डोंगरांसाठी म्यूरा इथे असंच करता येतं. म्यूराहून ओरियाकला जाणारा एन१२२ हा राष्ट्रीय रस्ता ('एन' म्हणजे राष्ट्रीय) लिओराँच्या बोगद्यातून आरपार जातो, तो कॅरॅव्हॅनसाठी ठीक. त्याच डोंगरांतली पा द पेरोल ही सुमारे १५९० मीटर उंचीवरची खिंड मात्र अरुंद आणि तीव्र चढाची आहे, तिथे नुसती गाडीच न्यावी.

रस्त्याचा नंबर पाहून निश्चिंत होणं

फ्रान्समध्ये 'डी' रस्ते त्या त्या जिल्ह्याचे असतात आणि नंबरही तिथल्यापुरतेच, त्यामुळे एकच नंबर देशात अनेक ठिकाणी सापडतो. लोआर नदीच्या उत्तर काठाने ब्लुआ, आंब्वाज, तूर, लांजे असा जाणारा डी९५२ सपाट आहे. नदी एका बाजूला, राजवाड्यांची गावं जवळजवळ, चढ नावाला. कॅरॅव्हॅन ओढत निवांत जाण्यासाठी याहून चांगला रस्ता शोधणं कठीण. आणि व्हेर्दोंच्या कड्यावरून कास्तेलान ते मुस्तिए जाणाऱ्या रस्त्याचा नंबरही डी९५२च! मार्ग आखताना किंवा कुणाला विचारताना नंबरासोबत दोन्ही टोकांच्या गावांची नावं घ्यावीत.

उतार हलक्यात घेणं

आपल्याकडच्या घाटांत गाडी चालवलेल्याला चढाची भीती वाटत नाही. चढावर फार तर इंजिन तापेल, वेग पडेल, मागे रांग लागेल. खरा धोका उतारावर असतो. कॅरॅव्हॅनचे ब्रेक तिच्या स्वतःच्या रेट्यावर लागतात. गाडी मंदावली की मागचं वजन कपलिंग, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅनमधला जोड, दाबतं आणि त्या दाबाने कॅरॅव्हॅनचे ब्रेक आवळले जातात. लांब उतारावर ब्रेकवर सतत पाय ठेवला तर दोन्हीकडचे ब्रेक तापत जातात, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणावा, वेग इंजिनाने रोखावा, ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबून पुन्हा सोडावा. जळका वास आला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबून चाकं थंड होऊ द्यावीत. त्यावर पाणी ओतू नये.

ग्रनोब्लजवळ एन८५ वरचा लाफ्रे ते व्हिझीय हा उतार फ्रान्समध्ये कुप्रसिद्ध आहे. १९७३ आणि २००७ मध्ये तिथे यात्रेकरूंच्या बस दरीत कोसळून मोठी जीवितहानी झाली. हा रस्ता प्रसिद्ध 'नेपोलियन मार्गा'चा भाग आहे आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत त्याची स्तुतीच असते, म्हणून मुद्दाम सांगतो: ग्रनोब्ल ते सिस्तरों जायला डी१०७५ घ्या. त्यावरची क्रुआ-ओत खिंड ११७९ मीटरवर आहे, चढ सौम्य आहे आणि डोंगरही डोळे भरून दिसतात.

लांबच्या प्रवासासाठी मला सगळ्यात आवडतो तो ए७५ हा मोटरवे ('ए' म्हणजे मोटरवे), क्लेरमों-फेराँ ते बेझिए. मियोचा पूल सोडला तर जवळजवळ सगळा टोलमुक्त. वाटेत आयफेलच्या कंपनीने बांधलेला गाराबीचा लाल रेल्वेपूल दिसतो, पुढे लार्झाकचं मोकळं पठार लागतं. मियोचा पूल डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. २४६० मीटर लांब, सर्वोच्च टोक ३४३ मीटरवर. हा मोटरवे असला तरी ११०० मीटरच्या वर चढतो आणि लार्झाकवरून लोदेवकडे उतरताना चांगलाच तीव्र उताराचा आहे, तिथे वरचे सगळे नियम लागू.

जीपीएसवर सगळं सोपवणं

फोनवरचं साधं ॲप तुमच्या मागे कॅरॅव्हॅन आहे हे जाणत नाही. दोन मिनिटं वाचवायला ते तुम्हाला एखाद्या जुन्या गावाच्या वेशीतून आत घालतं. कॅरॅव्हॅनची लांबी, रुंदी, उंची आणि वजन भरता येतं असं उपकरण किंवा ॲप वापरा, आणि तरीही आदल्या रात्री शेवटचे दहा किलोमीटर कागदी नकाशावर बघा. कॅम्पसाइटच्या संकेतस्थळावर 'अमुक बाजूने या' असं लिहिलेलं असतं. ते लिहिण्यामागे कुणाची तरी अडकलेली कॅरॅव्हॅन असते!

अडकलातच तर घाईने रिव्हर्स घेऊ नका. धोक्याचे दिवे लावा, चमकते जॅकेट घालून एकाने उतरावं आणि मागची वाहनं थांबवावीत. जागा अगदीच कमी असेल तर हँडब्रेक लावून, चाकांना अडण्या देऊन कॅरॅव्हॅन सोडवा, ती हाताने फिरवा, गाडी वेगळी वळवा आणि पुन्हा जोडा. सपाट जागी दोन-तीन माणसांना हे जमतं. चढावर मात्र करू नका, मदत येईपर्यंत थांबा.

तारीख न बघता निघणं

रस्ता उत्तम निवडला आणि जुलैअखेरचा शनिवार धरला तर सगळं पाण्यात. सुट्टी संपवून परतणारे आणि सुट्टीला निघालेले त्या दिवशी एकाच वेळी रस्त्यावर असतात. 'बिझों फ्युते' ही सरकारी सेवा १९७६ पासून गर्दीचा अंदाज देते: हिरवा, नारिंगी, लाल आणि सर्वांत वाईट काळा. काळ्या दिवशी कॅम्पसाइटवरच राहावं. उलट रविवार चांगला, कारण शनिवारी रात्री १० पासून रविवारी रात्री १० पर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकांना बंदी असते. साधे राष्ट्रीय रस्ते त्या दिवशी ओढून नेण्याजोगे मोकळे मिळतात.

आणखी काही

टोलनाक्यावर दोन मीटर उंचीची अट असलेल्या रांगेत शिरू नका. दोन ते तीन मीटर उंचीच्या गाडी-कॅरॅव्हॅनच्या जोडीला सहसा दुसऱ्या वर्गाचा टोल लागतो. पडद्यावर चुकीचा वर्ग दिसला तर पैसे भरण्याआधी मदतीचं बटण दाबून बोला. ए७९ सारख्या काही मार्गांवर नाकाच नाही. तिथला टोल ७२ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो, आणि हे ठाऊक नसलेल्यांना घरी दंडाची नोटीस येते.

गाडी आणि कॅरॅव्हॅनचं मिळून कमाल अनुज्ञेय वजन साडेतीन टनांहून जास्त असेल तर मोटरवेवर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर. जोडीची लांबी सात मीटरांहून जास्त असेल, आणि ती असतेच, तर तीन किंवा अधिक लेनच्या रस्त्यावर उजवीकडच्या दोनच लेन वापरता येतात.

ऱ्होन खोऱ्यातल्या ए७ वर मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा जोरात सुटतो. कॅरॅव्हॅन मागे डुलू लागली तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, करकचून ब्रेक मारू नका. वारंवार असं होत असेल तर आतलं सामान तपासा. जड वस्तू मागच्या टोकाला ठेवलेल्या असतात, त्या चाकांवर आणि खाली आणा.

गावोगावी 'कँपिंग-कार'साठी थांबे दिसतात. ते मोटरहोमसाठी, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी असतात, कॅरॅव्हॅनला तिथे सहसा जागा नसते, म्हणून रात्रीचा मुक्काम त्यांच्या भरवशावर ठरवू नका. छोट्या कॅम्पसाइटचं ऑफिस दुपारी जेवणासाठी बंद असतं आणि फाटक रात्री लागतं. चारच्या सुमारास पोहोचलेलं बरं.

आणि मोटरवेवर गाडी बंद पडली तर आपल्या विमा कंपनीची टोइंग गाडी थेट तिथे बोलावता येत नाही. चमकतं जॅकेट घालून सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जायचं आणि रस्त्याकडेच्या नारिंगी खांबावरच्या फोनवरून किंवा ११२ वर मदत मागायची. मोटरवेवरून ठरलेली गाडी येऊन बाहेर काढते, पुढचं विमा कंपनी बघते. खर्च परत मागायचा असेल तर पावती जपून ठेवा.