‘सरकारने माध्यमांवर नियंत्रण ठेवावे का?’ या ठरावावर बोलायचं असेल तर

हा विषय आला की मुलांचे चेहरे खुलतात. सोपा वाटतो ना! चार मोठे शब्द आणि दोन शेर जमवले की झालं, असा समज असतो. गेली 14 वर्षं मी वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते आहे. त्याआधी एका दैनिकात मुद्रितशोधन करायचे. त्यामुळे छापण्याआधी मजकूर थांबतो कसा, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. परीक्षणाच्या वहीच्या मागच्या पानावर मी खुणा करत असते. एका स्पर्धेत 14 वक्त्यांपैकी 11 जणांनी ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ म्हटलं होतं. अकरावी खूण करताना माझी पेन्सिल तुटली. तेव्हा पहिली सूचना ही: तो स्तंभ घरी ठेवून या.

तयारीला बसलात की आधी ठराव फोडा. ‘नियंत्रण’ या एका शब्दात निदान चार गोष्टी कोंबलेल्या असतात. कोरा कागद घ्या आणि त्यावर चार प्रश्न लिहा. थांबवतंय कोण? केव्हा थांबवतंय? कुठल्या कारणानं? आणि त्याला जाब विचारणारा कोण? पहिल्यावर सगळे बोलतात, तिसऱ्यावर तर भरभरून बोलतात. ‘केव्हा’कडे मात्र कुणी फिरकत नाही, आणि नेमका तिथंच सामना जिंकता येतो.

छापण्याआधी अडवणं आणि छापल्यानंतर कोर्टात खेचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये कवी मिल्टनने 1644 साली छपाईच्या सरकारी परवान्याविरुद्ध लिहिलं, तेव्हा त्याचा राग पहिल्या प्रकारावर होता. घातक पुस्तकाला नंतर शिक्षा होण्याला त्याची हरकत नव्हती. (गंमत म्हणजे पुढे 1651 च्या सुमारास तोच एका सरकारधार्जिण्या वृत्तपत्राचा परवाना-अधिकारी होऊन बसला. प्रतिस्पर्ध्यानं मिल्टनचं नाव घेतलं तर हे खिशात असू द्या.) परवान्याची ती पद्धत इंग्लंडमध्ये 1695 मध्ये संपली. अब्रुनुकसानीचे खटले मात्र संपले नाहीत. म्हणून ‘बदनामीबद्दल शिक्षा होतेच की, मग आधी थांबवलं तर काय बिघडलं?’ असं कुणी विचारलं तर गडबडू नका. नंतरच्या खटल्यात मजकूर लोकांसमोर असतो, बाजू मांडता येते, न्यायाधीश असतो. आधी अडवलेल्या मजकुराबद्दल वाद कसला घालणार? तो कुणी पाहिलेलाच नसतो.

याचं हाताशी ठेवावं असं उदाहरण म्हणजे व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं. न्यूयॉर्क टाइम्सनं ती 13 जून 1971 पासून छापायला घेतली. सरकारनं कोर्टाकडून छपाई थांबवली. 30 जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूनं निकाल दिला. तारखा घोकू नका, अर्थ घ्या: आधी अडवायचं असेल तर सरकारनं कारण सिद्ध करायला हवं आणि तो भार जड आहे. पुढे कुणावर खटला भरता येईल की नाही, हा प्रश्न त्या निकालानं मिटवला नव्हता. तीन न्यायमूर्ती विरोधात होते हेही सांगा. अवघड बाजू लपवणाऱ्या वक्त्याचे गुण मी कापते.

आता कष्टाचं काम. तुम्ही ज्या बाजूनं बोलणार, तिच्या विरुद्ध बाजूचं सगळ्यात बळकट उदाहरण आधी शोधा. नियंत्रणाच्या बाजूचं ते उदाहरण रवांडाचं आहे. 1994 मध्ये सुमारे 100 दिवसांत लाखो माणसं मारली गेली, त्यात बहुसंख्य तिथल्या तुत्सी समाजाचे होते. आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र या काळात द्वेष ओकत होतं, माणसांची नावं सांगत होतं, ती कुठं लपली असतील ते सांगत होतं. त्याच्या लहरी अडवा अशी मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या केंद्राच्या संस्थापकांपैकी दोघांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवलं. हे ऐकल्यावर ‘शब्दानं कुणी मरत नाही’ असं म्हणायची हिंमत होत नाही. होऊही नये.

पण इथंच थांबलात तर अर्धंच काम झालं. एका वर्षी एक मुलगी अनुकूल बाजूनं हेच उदाहरण घेऊन उभी राहिली. अभ्यास चांगला, आवाज चांगला, सभागृह गप्प. समोरचा मुलगा उठला आणि त्यानं एकच प्रश्न केला: ‘ते केंद्र कुणाच्या जवळच्या माणसांचं होतं?’ उत्तर असं की, ते तिथल्या सत्ताधारी कंपूतल्या कडव्या लोकांच्या जवळचं होतं. म्हणजे माध्यमांच्या नाड्या सरकारच्या हाती द्याव्यात असा ठराव तिथं मंजूर असता, तर बंद कोण पडलं असतं? ते केंद्र की त्याच्याविरुद्ध बोलणारे? मुलगी अडखळली. खरं तर तिच्याकडे उत्तर होतं: चिथावणीला बंदी हवी, पण ती राबवणारा हात सरकारपासून वेगळा हवा. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं (1966) कलम 20 द्वेषाच्या चिथावणीला कायद्यानं बंदी घाला असंच सांगतं. तिला ते आठवलं नाही. तुम्ही लिहून ठेवा.

त्याच कराराचं कलम 19 दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. अभिव्यक्तीवर बंधन घालता येतं, पण ते कायद्यात लिहिलेलं हवं, ठरावीक कारणांसाठीच हवं (इतरांचे हक्क वा प्रतिष्ठा, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता) आणि गरजेपुरतंच हवं. समोरच्यानं कुठलंही बंधन सुचवलं की ते या तीन चाळण्यांतून काढा. बहुतेक बंधनं तिसऱ्या चाळणीत अडकतात.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते ती एक फोड मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलेय. बातमी लांबवणं वेगळं आणि बातमी दडपणं वेगळं. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना ओलीस धरलं होतं. पोलिस छपरांवर चढत असताना कॅमेरे ते थेट दाखवत होते आणि आतले बंदूकधारी टीव्ही बघत होते. ती कारवाई सोडून द्यावी लागली. 2008 च्या मुंबई हल्ल्यातही वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. 2012 च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. 2015 मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवायची. मी बंधनांच्या विरुद्ध मताची असूनही मला हा नियम मुळात गैर वाटत नाही, कारण त्याला शेवट आहे. कारवाई संपली की सगळं दाखवा, सरकारला हवं तेवढं झोडपा. (तेवढा वेळ अधिकारी सांगेल तेच खरं मानायचं का, हा प्रश्न उरतोच.)

आता याच्या शेजारी दडपणं ठेवा. 1918 च्या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ का म्हणतात? पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांत वृत्तपत्रांवर युद्धकाळातली बंधनं होती, स्पेन तटस्थ होता. तिथली वृत्तपत्रं साथीबद्दल मोकळेपणानं लिहीत होती, म्हणून रोग जणू त्यांचाच झाला. खरं छापणाऱ्याच्या कपाळी नाव चिकटलं! चेर्नोबिलची दुर्घटना 26 एप्रिल 1986 ला पहाटे झाली. दोन दिवसांनी स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग आढळला, विचारणा सुरू झाली, तेव्हा कुठे सोव्हिएत सरकारनं त्रोटक निवेदन दिलं. वुहानमधल्या डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर 2019 च्या अखेरीस सहकाऱ्यांना नव्या आजाराबद्दल सावध केलं. जानेवारीत पोलिसांनी अफवा पसरवल्याबद्दल त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. 7 फेब्रुवारीला ते त्याच आजारानं गेले. मार्चमध्ये समज मागे घेतली गेली, कुटुंबाची माफी मागितली गेली.

मग समोरच्याला उलटतपासणीत विचारा: तुम्ही सुचवता ते बंधन कधी उठणार? तारीख किंवा घटना सांगता आली तर ते लांबवणं. ‘परिस्थिती निवळली की’ असं उत्तर आलं तर समजा गाडी दडपण्याकडे चालली आहे. निवळली की नाही, हे ठरवणारही तेच ना!

प्रतिकूल बाजू घेतलेल्यांनी आणखी एक तयारी करावी. बंदीचा हुकूम न काढताही गळा आवळता येतो. भारत सरकारनं एकेकाळी वृत्तपत्र-कागदाच्या धोरणातून पानांवर मर्यादा आणली होती, 10 पानांची. बातमीला हात नाही लावला, पानंच कमी केली. सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये ते धोरण घटनाबाह्य ठरवलं. सरकारी जाहिराती काढून घेणं हा त्याचाच भाऊ. अनुकूल बाजूचा वक्ता ‘आमच्या देशात सेन्सॉर खातंच नाही’ म्हणाला की हे काढा.

शेवट कसा करायचा, हे मला नेहमी विचारतात. ‘सुवर्णमध्य साधावा’ असं म्हणू नका. तुम्हाला बाजू दिलेली आहे, ती धरून ठेवा. मान्य करायचं ते मधेच मान्य करून टाका, रवांडा मान्य करा, म्युनिक मान्य करा, आणि शेवटच्या मिनिटात एकाच प्रश्नावर या: जाब विचारणारा कोण. काळ्या शाईतल्या शब्दांपेक्षा कधी कधी रिकामी जागा जास्त बोलते. 28 जून 1975 ला, आणीबाणीच्या पहिल्या दिवसांत, इंडियन एक्सप्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. हे उदाहरण वापरणार असाल तर सांगून झाल्यावर दोन सेकंद खरोखर गप्प बसा. बहुतेकांना तेवढं जमत नाही.

आणि घंटा वाजली की थांबा. एका पठ्ठ्यानं माझ्या घंटेलाच सेन्सॉरशिप म्हटलं होतं. सभागृह खूप हसलं, मीही हसले, आणि वेळेचे दोन गुण कापले.