फोर बाय फोर गाडीने ट्रेलर ओढताना : कच्च्या रस्त्यासाठी तयारी आणि पद्धत

पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली प्रदेशातून जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा असून त्याचा बराचसा भाग खडीचा आहे. मूळचा गुरांच्या वाहतुकीसाठी बांधलेला हा रस्ता आता पावसाळा संपल्यावर कॅम्पर ट्रेलर आणि कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांनी गजबजतो. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने असा प्रवास ठरवला, तर इंजिनाच्या ताकदीची चिंता त्याने सर्वांत शेवटी करावी. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहिलेल्या माणसाला ताकद असली की झाले असे वाटणे साहजिक आहे. परंतु ट्रॅक्टरच्या वेगात जे खपून जाते, ते ताशी ८० किलोमीटरला खपत नाही.

पहिली पायरी : वजनकाटा

जाहिरातीत ‘३,५०० किलो ओढण्याची क्षमता’ असे ठळकपणे लिहिलेले असते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. टोयोटा लँड क्रूझर ३०० चे उदाहरण घेऊ. ब्रेक असलेला ३,५०० किलोचा ट्रेलर ओढण्यास ही गाडी पात्र आहे. मात्र माणसे आणि सामान धरून गाडीचे स्वतःचे वजन ३,२८० किलोंच्या पुढे जाता कामा नये, आणि गाडी व ट्रेलर यांचे एकत्रित वजन ६,७५० किलोंच्या आत राहिले पाहिजे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे या उदाहरणात ३५० किलो, टो बॉलवर (गाडीच्या मागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात त्यावर) येतो आणि तो गाडीच्या वजनात मोजला जातो. रिकामी गाडीच सुमारे २,६०० किलोंची धरली, तर उरतात ३३० किलो. चार प्रौढ माणसे बसली की तेही संपतात. बुलबार (पुढचे लोखंडी संरक्षक कठडे), विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र), फ्रिज आणि छतावरचा तंबू यांना जागाच राहत नाही. त्यामुळे अशा गाडीमागे प्रत्यक्षात अडीच टनांच्या आसपासचा ट्रेलर जोडणेच मला शहाणपणाचे वाटते.

सर्व सामान भरून, टाक्या भरून आणि कुटुंबाला बसवून वजनकाट्यावर जावे. आधी ट्रेलर सोडून एकट्या गाडीचे वजन करावे. नंतर ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाके काट्यावर ठेवावीत. दोन्ही आकड्यांतील फरक हा टो बॉलवरचा भार होय. शेवटी ट्रेलरच्या चाकांवरचे वजन घेऊन त्यात हा फरक मिळवला की ट्रेलरचे खरे एकूण वजन कळते.

बॉलवरचा भार फार कमी असेल, तर वेगात ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे हेलकावू लागते; तो फार जास्त असेल, तर गाडीचे नाक उचलले जाऊन स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक हलके पडतात. म्हणून जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर आणि शक्य तितके खाली ठेवावे. मागच्या टोकाला दोन स्पेअर चाके आणि जेरीकॅन टांगण्याची हौस दिसायला रुबाबदार असली, तरी हेलकाव्याला तीच सर्वाधिक बळ देते. ॲक्सलच्या पुढची ऐंशी लिटरची पाण्याची टाकी वाटेत रिकामी झाली की ऐंशी किलो तेथून कमी होतात आणि सकाळी साधलेला तोल संध्याकाळी बदललेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : जोडणी आणि ब्रेक

डांबरी रस्त्यावर ५० मिलिमीटरचा साधा टो बॉल पुरेसा असतो. खोल ओघळी आणि चढउतार असलेल्या वाटेवर मात्र गाडी आणि ट्रेलर वेगवेगळ्या कोनांत तिरपे होतात, तेव्हा साध्या बॉलची हालचाल अपुरी पडते; तिथे सर्व दिशांना वळणारी ऑफ-रोड जोडणी बसवावी. वजन विभागणारे बार (बॉलवरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांकडेही वाटणाऱ्या पट्ट्या) वापरत असाल, तर खडबडीत वाट सुरू होण्यापूर्वी ते काढावेत. सुरक्षा साखळ्या जोडणीखाली एकमेकींना छेद देतील अशा बांधाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तरी ट्रेलरचा पुढचा दांडा जमिनीत रुतत नाही. साखळीचे शॅकल (अडकवायच्या कड्या) क्षमतेचा आकडा कोरलेलेच घ्यावेत.

ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालते आणि दोन टनांच्या वर सर्व चाकांना ब्रेक लागतात. शिवाय अशा जड ट्रेलरला, तो सुटला तर आपोआप लागणारी ब्रेक यंत्रणाही बंधनकारक आहे. खडीवर विद्युत ब्रेकचा जोर केबिनमधील नियंत्रकावरून थोडा कमी करावा, नाहीतर ट्रेलरची चाके लॉक होऊन घसरतात.

तिसरी पायरी : चाकांतील हवा

पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या खडीच्या रस्त्यावर नटबोल्ट, वेल्डिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा जीव जातो. हवा कमी केल्यास टायर स्वतः हादरे पचवतो. डांबरावर ३८ पीएसआय असलेली हवा खडीवर २८ च्या आसपास आणि मऊ वाळूत १८ पर्यंत आणावी. नेमका आकडा वजन आणि टायर पाहून ठरवावा. ट्रेलरच्या टायरमधील हवाही कमी करणे अनेकजण विसरतात. हवा कमी असताना वेगही कमीच ठेवावा, कारण मऊ टायर वेगात तापून फाटतो. डांबर लागताच पंपाने हवा पूर्ववत करावी.

चौथी पायरी : प्रत्यक्ष चालवणे

ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, म्हणून पुढच्या गाडीची धूळ खाली बसेल इतके मागे राहावे. यूएचएफ रेडिओ चॅनेल ४० वर ठेवल्यास ५३ मीटर लांबीच्या रोड ट्रेनच्या (अनेक ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या) चालकांशी बोलता येते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ट्रेलर हेलकावू लागल्यास स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि केबिनमधील कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावेत. पायाने जोरात ब्रेक मारणे हा या क्षणीचा सर्वांत वाईट उपाय आहे.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे, त्या बाजूला हात न्यावा. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर दुमडतो. कोन वाढताच पुढे येऊन पुन्हा सरळ करावे.

नदी ओलांडण्यापूर्वी पाण्यात उतरून खोली पाहावी, हा इतरत्र चांगला असलेला सल्ला गिब रिव्हर रोडवरच्या पेंटेकॉस्ट नदीवर पाळू नये, कारण तिथे खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. आधीच्या गाड्या कशा जातात ते काठावरून पाहावे. हवाबंद कॅराव्हॅन पाण्यात उचलली जाऊन प्रवाहाबरोबर आडवी सरकते, त्यामुळे वेगवान पाण्यात शिरूच नये. काठावर थोडे थांबून हब (चाकांचे मधले भाग) गार होऊ द्यावेत. तापलेले बेअरिंग एकदम बुडाले, तर आतील हवा आकसून सीलमधून पाणी खेचून घेते.

गाडी रुतली, तर

आधी दोन्ही चाकजोड्यांपुढची वाळू उपसून रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या फळ्या) टाकून पाहावेत. तरीही जमले नाही, तर ट्रेलर सोडावा, गाडी टणक जमिनीवर काढावी आणि मग ट्रेलर विंचने ओढावा. खेचण्याचा पट्टा टो बॉलला कधीही अडकवू नये. झटक्याने तुटलेला बॉल गोळ्यासारखा उडून काच फोडतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. क्षमता कोरलेला रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढून काढण्यासाठी चासीला बसवलेला हुक) वापरावा. तो नसल्यास रिसीव्हरमधून (गाडीमागच्या चौकोनी नळीतून) टो बॉलचा दांडा काढून पट्ट्याचा फासा आत सरकवावा व हिच पिनने (त्या नळीत आडव्या जाणाऱ्या खिळीने) अडकवावा. या वेळी इतरांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे करावे. गाडी बाहेर निघाली की जोडणी, साखळ्या, चाकांचे नट आणि दिव्यांची तार पुन्हा तपासावी.