कन्सोल अपडेट होण्याआधी: बागेतल्या फोनांची तयारी

कंपनीचे फोन आणि त्यांवरची ॲप जिथून सांभाळतात त्या कन्सोलच्या नव्या आवृत्तीचा ईमेल आला की बहुतेक जण आधी 'नवीन काय' वाचतात. मी हल्ली शेवटाकडून वाचायला लागतो, 'दुरुस्त केलेल्या अडचणी' या भागापासून. नवी सोय सहसा बंद असतानाच येते. आपण कन्सोलमध्ये जाऊन ती चालू करेपर्यंत कुणाला तिचा पत्ताही नसतो. दुरुस्तीचं तसं नाही. ती कुणाला विचारत नाही, आली की लागू.

हे शहाणपण मला फुकटात मिळालेलं नाही. दोन हंगामांपूर्वी, ऐन फेब्रुवारीत, आमच्या ॲप व्यवस्थापनाच्या साधनाच्या रिलीज नोट्समध्ये एक ओळ होती: पासकोड नसलेले काही फोन चुकून 'नियमात' दिसत होते, ते आता बरोबर दिसतील. वाचलं, बरं झालं म्हटलं आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निफाडच्या द्राक्षबागेतून फोन आला की नोंदीचं ॲप उघडत नाही. पाठोपाठ दिंडोरीहून तेच. पासकोड न लावलेले सगळे फोन रात्रीतून नियमबाह्य ठरले होते, आणि नियमबाह्य फोनवर ॲप बंद करायचं हे धोरण मीच लिहिलेलं होतं. साधनाची काही चूक नव्हती. त्याच्या जुन्या चुकीवर आमचं वर्षभर सुखात चाललं होतं, एवढंच. टोळ्या मांडवाखाली उभ्या, क्रेट रिकामे, आणि मी नाशिकच्या अंबडमधल्या ऑफिसात बसून सुपरवायझरांना फोनवरून पासकोड लावायला शिकवतोय.

म्हणून तयारीचं पहिलं काम वही घेऊन बसण्याचं. प्रत्येक दुरुस्तीपुढे एकच प्रश्न लिहायचा: हे चुकीचं चालत होतं म्हणून आपल्याकडे कुणाचं काम निभत होतं? दहापैकी आठ ओळींपुढे 'कुणाचं नाही' येईल. उरलेल्या दोन ओळी म्हणजेच तुमची खरी यादी. पासकोड, नियमपालन, ॲपमधून कॉपी-पेस्ट, जुन्या आवृत्त्यांवर बंदी, फोन किती दिवस संपर्कात नसला तर काय करायचं, हे शब्द दिसले की तिथं थांबायचं. कन्सोलच्या अहवालातून आज नियमबाह्य असलेल्या फोनांची यादी काढायची आणि दुरुस्तीनंतर त्यात आणखी कोण जाईल याचा अंदाज बांधायचा. अंदाज बांधता येत नसेल तर धोरण आठवडाभर 'ॲप बंद करा' वरून 'फक्त इशारा द्या' वर आणायचं. सुरक्षेवाले नाक मुरडतील. मुरडू द्या.

आता तारीख. कन्सोल क्लाउडवर असेल तर त्याच्या अपडेटची तारीख आपल्या हातात नसते, ते येणारच. धोरणं कधी बदलायची, फोनवरची ॲप कधी चढवायची आणि नव्या सोयी कधी चालू करायच्या, हे मात्र आपण ठरवतो. आमच्याकडे ही कामं द्राक्षांची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकल्यानंतर आणि फळासाठीची गोडी छाटणी सुरू होण्याआधी होतात, म्हणजे साधारण जून ते ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. गोडी छाटणीनंतर फवारणीच्या नोंदी रोजच्या होतात आणि जानेवारी ते एप्रिल काढणी चालते, तेव्हा कशालाही हात लावायचा नाही. यात एक मेख आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत शहरातून बागेकडे जाणारे रस्ते आणि मोबाइलचं नेटवर्क कुणाच्या भरवशाचं असेल असं मला वाटत नाही. त्या वर्षी काम जूनमध्येच उरकलेलं बरं. कारखान्यात असाल तर तुमचं कॅलेंडर वेगळं असेल, पण 'या महिन्यात नाही' असा एक महिना प्रत्येकाकडे असतोच.

पुढचा मुद्दा मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला कागदावर चित्र काढून समजावतो, कारण कन्सोलवर सगळं हिरवं दिसतं आणि बागेत मात्र जुनीच आवृत्ती चालू असते. मॅनेज्ड गुगल प्लेमधून, म्हणजे गुगलच्या कंपन्यांसाठीच्या ॲप-दुकानातून, ढकललेल्या ॲपचं नेहमीचं अपडेट चार अटींवर होतं: फोन वायफायसारख्या, डेटा न मोजणाऱ्या नेटवर्कवर हवा, चार्जिंगला लावलेला हवा, त्या वेळी कुणी तो वापरत नको आणि ते ॲप पडद्यावर उघडं नको. आता दिंडोरीच्या सुपरवायझरचा फोन डोळ्यांसमोर आणा. रात्री तो चार्जिंगला असतो, पण घरी वायफाय नसतं. पहिलीच अट पुरी होत नाही, मग अपडेट होणार कधी? पॅकहाऊसमधल्या टॅबलेटची गोष्ट याच्या उलटी. वायफाय आहे, वायर कायम लावलेली आहे, पण किऑस्क मोडमध्ये वजनाचं एकच ॲप चोवीस तास पडद्यावर असतं, म्हणजे ते कायम वापरातच. तिथं शेवटची अट आडवी येते. यावर उपाय आहे 'उच्च प्राधान्य'. त्यात अपडेट वाट बघत नाही, नवी आवृत्ती आली की लगेच बसते. पण लगेच म्हणजे लगेच. वजन चालू असताना ॲप बंद होऊन पुन्हा उघडू शकतं, आणि बागेतल्या फोनचा त्या दिवसाचा मोबाइल डेटा डाउनलोडमध्येच संपू शकतो. म्हणून संध्याकाळी शेवटच्या गाडीतला माल प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, गेला की उच्च प्राधान्य लावायचं, टॅबलेट एकेक करून बघायचे आणि झोपण्याआधी ते परत नेहमीच्या पद्धतीवर आणायचं. हे परत आणणं विसरण्याचा मान आजवर दोनदा माझ्याकडे गेला आहे.

तिसरा पर्याय 'पुढे ढकला' हा. ॲप जुनं झाल्यापासून ९० दिवस ते अपडेट थांबतं. हंगामासाठी हे फार सोयीचं वाटतं, पण आकडा मोजून बघा: नवी आवृत्ती १ जानेवारीला आली तर ९० दिवस मार्चअखेर संपतात आणि उशिराच्या बागांची काढणी त्यापुढेही चालू असते. तेवढ्या बागांच्या फोनांचा वेगळा गट करून ठेवा.

परत फिरायची वाट आधीच तपासून ठेवायची, कारण अँड्रॉइडवर ती दिसते तशी नसते. आपलंच खासगी ॲप बिघडलं तर 'जुनी आवृत्ती परत टाकू' असं मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं. फोन ते मान्य करत नाही. बसलेल्या ॲपपेक्षा कमी व्हर्जन कोडची (म्हणजे आवृत्तीच्या आतल्या क्रमांकाची) आवृत्ती त्यावर चढत नाही. एक तर ॲप काढून पुन्हा टाकायचं, नाहीतर जुनाच कोड नव्या, मोठ्या क्रमांकानं बांधून पाठवायचा. पहिला मार्ग सोपा दिसतो, पण ॲप काढलं की फोनवर साठलेल्या, अजून सर्व्हरला न पोहोचलेल्या नोंदीही जातात. आमच्या धंद्यात त्या नोंदी म्हणजे कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं. फवारणी ते काढणी यांच्यातले दिवस त्यावरूनच मोजतात आणि युरोपला जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांत त्याच तारखा लागतात. तेवढ्या नोंदी गेल्या तर प्लॉट अडकतो. तेव्हा ॲप बनवणाऱ्यांकडून जुन्या कोडची मोठ्या क्रमांकाची आवृत्ती आधीच बांधून घ्या, चाचणीच्या दोन फोनांवर चढवून बघा आणि बाजूला ठेवा. लागली नाही तर उत्तमच. आणि अपडेटच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक फोनची शेवटची सिंक वेळ कन्सोलमधून काढा. ज्यांची सिंक दोन दिवसांपेक्षा जुनी, त्यांना फोन करून रेंजमध्ये यायला सांगा. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

चाचणीच्या फोनांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. साहेबांचा नवा फोन चाचणीला घेऊ नका, त्याच्यावर सगळंच चालतं. कंपनीत जो सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त, काचेला तडा गेलेला फोन अजून चालू आहे, तो पहिला घ्या. एक फोन असा घ्या ज्यात बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चाललेली ॲप बंद केली जातात. 'ऑटोस्टार्ट' नावाची सेटिंग जिथं असते ते फोन बहुधा यातलेच. आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर करू नका. मी दोन फोन घेऊन पेठ रोडला लागतो, सावळघाटात रेंज गेली की चार नोंदी भरतो आणि परत रेंजमध्ये आल्यावर त्या जातात का बघतो. येताना मिसळ होते, ती यादीत धरलेली नाही.

चाचणी झाली की तीन टप्पे करायचे. आधी आपल्या टेबलावरचे फोन, मग एका बागेची एक टोळी आणि मग बाकी सगळे. टप्प्यांमध्ये निदान दोन कामाचे दिवस जाऊ द्या. दुसऱ्या टप्प्यात मुद्दाम तक्रारखोर माणूस घ्या. सोशिक माणूस अडचण आली तरी काहीतरी जुगाड करून काम उरकतो आणि तुम्हाला चार दिवसांनी कळतं. आमच्याकडच्या एका मुकादमांना ॲपचं बटण पूर्वीपेक्षा उशिरा दबतंय हे पहिल्या तासात कळलं होतं. तेव्हापासून दुसरा टप्पा कायम त्यांचाच.

परवानग्यांचा मुद्दा अपडेटच्या वेळी हमखास वर येतो. अँड्रॉइड १३ पासून ॲपला सूचना दाखवायलाही परवानगी लागते. ती नाकारली गेली की 'फवारणी थांबवा' असा संदेश सर्व्हरवरून निघतो, फोनवर मात्र काहीच वाजत नाही. लोकेशन आणि कॅमेऱ्याचं आणखी वेगळं आहे. कंपनीच्या मालकीच्या, पूर्ण ताब्यातल्या फोनवर या परवानग्या कन्सोलवरून देता येतात. पण माणसाच्या स्वतःच्या फोनवर नुसतं वर्क प्रोफाइल, म्हणजे कंपनीच्या ॲपचा वेगळा कप्पा, असेल तर अँड्रॉइड १२ पासून त्या आपल्याला परस्पर देता येत नाहीत, त्यालाच 'ॲप वापरताना' वर बोट ठेवावं लागतं. म्हणून नव्या आवृत्तीत प्लॉटचा फोटो घ्यायची सोय येणार असेल तर तो प्रश्न कोणत्या पडद्यावर कसा दिसेल याचा मराठीतला स्क्रीनशॉट आधीच पाठवायचा.

तिथंच दुसरा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: "साहेब, माझे फोटो कंपनीला दिसतात का?" फोनवर नुसतं वर्क प्रोफाइल असेल तर दिसत नाहीत. ब्रीफकेसचं चिन्ह असलेली ॲप तेवढी कंपनीची. माणूस सोडून गेला की तेवढीच पुसली जातात, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो जागेवर राहतात. हे चार वाक्यांत, आपल्या आवाजात, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करून पाठवा. पीडीएफ कुणी उघडत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही संमतीसाठीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय आहे, तेव्हा लेखी सूचनाही मराठीत करून ठेवा.

आयफोन आमच्याकडे मोजकेच आहेत, पण एका गोष्टीसाठी त्यांना पूर्ण परिच्छेद देतो. कन्सोलला आयफोनांशी बोलू देणारं ॲपलचं पुश सर्टिफिकेट ३६५ दिवस चालतं आणि ज्या ॲपल खात्यातून ते काढलं त्याच खात्यातून नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या खात्यातून नवं काढलं तर जोडलेला प्रत्येक फोन पुन्हा जोडायचा. आमचं पहिलं सर्टिफिकेट नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून निघालं होतं. भला माणूस, त्यानं ओटीपी सांगितला. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच असं नाही. खातं कंपनीच्या नावानं करा, ते कोणतं आहे हे वहीत लिहा आणि कालावधी संपण्याच्या महिनाभर आधीची आठवण दोन माणसांच्या फोनवर लावा. ॲपलकडून घेतलेले ॲपचे परवाने कन्सोलला जोडणारं टोकनही वर्षाचंच असतं, ते त्याच दिवशी उरका.

जुन्या 'डिव्हाइस ॲडमिन' पद्धतीनं जोडलेले फोन उरले असतील तर ते या निमित्तानं काढा. गुगलनं ती पद्धत अँड्रॉइड १० पासून मोडीत काढली आणि मायक्रोसॉफ्टच्या इन्ट्यून या फोन-व्यवस्थापनाच्या साधनानं गुगल सेवा असलेल्या फोनांसाठी तिचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवला. फोन पूर्ण ताब्यात घ्यायचा तर तो रीसेट करावा लागतो. मग स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करून क्यूआर कोड दाखवायचा. रीसेट सेटिंगमधूनच करा. बटणं दाबून रिकव्हरीतून केला तर फोन आधीचं गुगल खातं मागतो, आणि ते खातं बहुतेक वेळा सुपरवायझरच्या भाच्यानं काढून दिलेलं असतं.

बाकी किरकोळ. धोरणांच्या पडद्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कन्सोलला दुसरं ॲडमिन खातं चालू आहे ना ते लॉगिन करून बघा, सपोर्टचा नंबर आधीच फोनमध्ये साठवा.

अपडेटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जागं राहायचं, आणि ऑफिसात नाही, एखाद्या बागेत. प्रत्येक सुपरवायझरकडे त्या दिवसापुरती कागदी वही आणि पेन दिलेलं असू द्या. ॲप अडलं तर प्लॉट, औषध, प्रमाण, वेळ एवढं लिहायचं आणि संध्याकाळी भरायचं. दुपारी तीनला सिंक न झालेल्या फोनांची यादी काढा आणि एकेकाला फोन लावा. शेवटी दोन-तीन फोन उरतील, ते कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये बंद पडलेले सापडतील.