अहवालातला ‘दैनंदिन उपयोग’ प्रयोगाशी जुळत नसेल तर

विज्ञानाचा अहवाल दरवेळी एकाच शेऱ्यासह परत यायचा: ‘उपयोगाचा प्रयोगाशी संबंध दिसत नाही.’ उपयोगांची यादी वाढवली, चित्रं चिकटवली, शेरा तोच. अगदी वैताग आला होता.

शेवटी क्रम बदलला. आधी उपकरणामागचं तत्त्व एका वाक्यात लिहिलं: सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) वेगाने फिरताना जास्त घनतेचे कण नळीच्या तळाकडे जातात. मग प्रयोगात दिसलेलं: खडूचं गढूळ पाणी फिरवल्यावर तळाशी पांढरा थर, वर नितळ पाणी. त्यानंतरच उपयोग, तोही एकच: रक्त फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात, प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा सुमारे ५५ टक्के असलेला पिवळसर द्रव भाग, वर राहतो. शेवटी फरक: रक्त गोठू नये म्हणून नळीत आधी रसायन लागतं, खडूच्या पाण्याला लागत नाही. माझ्या मते अहवाल मंजूर झाला तो या फरकाच्या ओळीमुळे.