उरलेल्या टर्कीचे सूप : या चुका टाळा

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग या सणाची पंगत उठली की अमेरिकेतील घरोघरी भाजलेल्या टर्कीचा (कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचा) सांगाडा आणि बरेचसे मांस शिल्लक राहते. त्याचे सूप बहुधा बिघडते ते हाडे आणि मांस एकाच वेळी पातेल्यात पडल्यामुळे. हाडांतील कस पाण्यात उतरायला अडीच-तीन तास लागतात. मांस मात्र आधीच भाजलेले असते आणि तेवढ्या वेळात त्याचा, विशेषतः छातीच्या भागाचा, पार चोथा होतो. म्हणून मांस आधी सोडवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि वाढण्यापूर्वी पाचेक मिनिटे, चांगले गरम होण्यापुरतेच, सुपात घालावे.

सांगाडा अख्खा ठेवला, तर तो बुडवण्यासाठी भरमसाट पाणी ओतावे लागते आणि सूप पाणचट होते. तो सांध्यांवर मोडून घ्यावा, पोटात भरलेले सारण काढून टाकावे आणि गार पाणी हाडांवर जेमतेम दोन बोटे येईल इतकेच घालावे. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण टर्की पुष्कळदा मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते आणि रस आटला की तो आणखी खारट लागतो. खारट सुपात बटाटा टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. पण बटाटा खारट पाणीच शोषतो, उरलेल्या सुपाचा खारटपणा तसाच राहतो. बिनमिठाचे पाणी वाढवणे हाच खरा इलाज.

रस खळखळून उकळला, तर चरबीचे बारीक थेंब त्यात मिसळून तो गढूळ होतो. अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल इतकीच आच असावी. तिकडच्या मराठी घरांत प्रेशर कुकर असतोच. त्यात मंद आचेवर पाऊण तास पुरतो, मात्र वाफ आपोआप जिरू द्यावी, कारण ती एकदम सोडली की आतला रस उसळतो. गाळलेला रस रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की सकाळी वर चरबीचा पांढरट थर येतो, तो अलगद उचलता येतो. खालचा रस जेलीसारखा थरथरत असेल, तर तो बिघडलेला नसून उत्तम उतरलेला आहे, आणि गरम होताच तो पुन्हा पातळ होतो.

नूडल्स किंवा भात सुपातच ठेवल्यास दुसऱ्या दिवशी रस उरत नाही. ते वेगळे शिजवावेत.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे भरलेले मोठे पातेले ओट्यावरच निवत ठेवणे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचे बीजाणू (उष्णता सोसणारे सुप्त रूप) शिजवूनही टिकतात आणि अन्न सावकाश निवताना त्यांतून जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यामुळे रस उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा; भाजलेल्या टर्कीलाही हीच मर्यादा लागू आहे. सूप तीन-चार दिवसांत संपवावे, आणि गरम करताना ते किमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. त्याहून अधिक काळ ठेवायचे असल्यास नूडल्स न घालता फ्रीझरमध्ये ठेवावे.