ट्रेलरची गळती शोधा साबणाच्या फेसाने

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, पाणी टपकतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडूनच. त्यामुळे डागाच्या वरच सीलंट (फटी बुजवायचा चिकट लेप) थापून काही होत नाही. आधी फट शोधा.

गॅस बंद करा. खिडक्या-दारं लावून घ्या आणि छतावरच्या झरोक्यात हवा आत ढकलेल असा पंखा बसवा. पंख्याभोवतीची जागा पुठ्ठा आणि चिकटपट्टीने बुजवा. आता बाहेरून सांधे, खिडक्यांच्या कडा, दिवे यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की तिथेच फट आहे. पुसून मार्करने खूण करा. कोपऱ्यांच्या पट्ट्यांवरचे स्क्रू सावकाश तपासा, तिथला बुडबुडा मोहरीएवढाच असतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो.

मग सुटलेलं जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि जागा पूर्ण वाळू द्या. छतावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट लावा, उभ्या बाजूंना न ओघळणारं. खिडकीची चौकट काढलीच, तर तिच्याखाली नवी ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) हवीच.

छतावर सिलिकॉन मात्र लावू नका. पुढे त्यावर दुसरं सीलंट नीट धरत नाही.