मेटल कार्व्हिंग बोर्ड बनवून घेताय? या चुका टाळा

कस्टम मेटल बोर्ड, म्हणजे बर्फावर कार्व्हिंग करायला (न घसरता, कडेच्या धारेवर वळायला) आपल्या मापाने बनवून घेतलेला, आत धातूचा पत्रा असलेला स्नोबोर्ड, घ्यायला निघालेल्या माणसाशी बोलायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "माझा जुना बोर्ड अमुक लांबीचा आहे, मस्त चालतो, अगदी तसाच हवाय, फक्त मेटल घालून." याला तेच तेच उत्तर देऊन आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच बसून सगळं लिहितोय. मेटल बोर्ड म्हणजे जुन्या बोर्डात पत्रा घातला आणि झालं, असं नसतं. पत्रा आला आणि त्याच्यामागे नोजचा (पुढच्या टोकाचा) आकार बदलला, कडेची वक्रता (साइडकट) बदलली, रुंदी बदलली, कडकपणा बदलला, त्यावर उभं राहायची पद्धतसुद्धा बदलली. जुने आकडे उचलून नव्या बोर्डाला लावले की महिनोन्महिने वाट बघून आलेला बोर्ड पायाखाली परका वाटतो, आणि मग शिव्या बिल्डरला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला, बसतात.

हा पत्रा टायटेनलचा असतो. ऑस्ट्रियात बनणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यात जस्त, मॅग्नेशियम, तांबं. टायटॅनियम म्हणून कुणी तुम्हाला काही विकत असेल तर तिथून निघा. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, एक लाकडी गाभ्याच्या वर आणि एक खाली. फायबरग्लासची ताकद धागे ज्या दिशेला टाकलेत त्या दिशेला जास्त असते, पत्रा मात्र सगळ्या दिशांना सारखाच कडक, त्यामुळे पातळ पत्र्यातही बोर्ड पिळला जात नाही. म्हणजे लांबीच्या दिशेने बोर्ड मऊ ठेवता येतो आणि तरीही टोकाला एज (कडेची पोलादी धार) पकड सोडत नाही. शिवाय पत्र्याचं वजन आणि थरांमधल्या रबराच्या पट्ट्या, यांनी खडखडाट बराच मरतो. 2000 नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या हान्सयुर्ग केसलर यांच्या बोर्डांनी शर्यतीत हे सगळं प्रस्थापित केलं. 2006 च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकणारे ऑस्ट्रियाचे सिगी ग्राबनर स्वतःच बोर्ड बनवायला लागले, आणि 2010 च्या व्हँकुव्हरपर्यंत शर्यतीत मेटल हीच नेहमीची गोष्ट झाली होती. कॅनडात कॉइलर, कोलोराडोत डोनेक, अशा छोट्या वर्कशॉपनी हेच ज्ञान साध्या, शर्यत न करणाऱ्या माणसाच्या मापाला बसवलं. त्याची किंमत ओळखा आणि बिल्डर विचारतो ते सगळं खरं सांगा.

शर्यतीचे आकडे मागणं

ही माझी सगळ्यात दुखरी नस. चेक स्नोबोर्डर एस्टर लेडेत्स्काला 2018 च्या ऑलिम्पिकमध्ये सोनं जिंकताना बघितलं की डोक्यात तेच बसतं आणि लोक मोठ्या रेडियसचा (कडेच्या वक्रतेची त्रिज्या) लांबलचक रेस बोर्ड मागतात. अरे, तो बोर्ड दगडासारख्या कडक केलेल्या बर्फाच्या ट्रॅकवर, गेट्समधून (रोवलेल्या खांबांमधून), त्या वेगाला बनवलेला आहे. ढोबळ गणित करून बघा. सपाट बर्फावर शुद्ध कार्व्ह करताना तुम्ही किती अंश कलू शकता हे वेग आणि साइडकटचा रेडियस ठरवतो. वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वाकर्षण गुणिले रेडियस), हे त्या कोनाचं साइन. ताशी 36 किलोमीटर वेग धरा. 20 मीटर रेडियसच्या बोर्डावर कोन येतो जेमतेम 30 अंश, आणि वळण निघतं 17 मीटर त्रिज्येचं, म्हणजे अरुंद उतार असेल तर एका वळणातच कडेला पोचलात. तोच वेग 11 मीटर रेडियसवर ठेवा, कोन 65 च्या पुढे जातो आणि वळण 4-5 मीटर त्रिज्येत आटोपतं. प्रत्यक्षात उतार, बर्फ, बोर्ड किती वाकतो हे सगळं आकडे हलवतं, पण दिशा हीच राहते. वळताना इतकं कलून जमिनीला हात लावायचा आहे आणि उतार मध्यम आहे, तर मोठा रेडियस मागून तुम्ही स्वतःचाच रस्ता अडवताय.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने हे केलंच, वर आणखी एक केलं. ऑर्डरच्या फॉर्मवर स्वतःचं वजन दहा किलो जास्त लिहिलं. का, तर "कडक असला की स्थिर राहील." आम्ही दोघातिघांनी समजावलं, पण त्याला एका सीझनमध्ये एक्स्पर्ट व्हायचं होतं आणि घाई झालेल्या माणसाला मधली पायरी दिसतच नाही. बोर्ड आला, बांधणी इतकी सुंदर की हात फिरवत राहावं. पहिल्या दिवशी सकाळी ताज्या ग्रूम केलेल्या (यंत्राने सपाट केलेल्या) बर्फावर तो उतरला आणि मी मागून त्याची बर्फावर उमटणारी रेघ बघत गेलो. जुन्या बोर्डावर त्याची रेघ पेन्सिलीने काढल्यासारखी यायची. आता वळण सुरू होताना बारीक रेघ, आणि वळणाच्या पोटात, जिथे सगळा दाब यायला हवा तिथे, हातभर रुंद खरवडलेला पट्टा. बोर्ड वाकतच नव्हता, म्हणून टेल (मागचं टोक) सुटत होती. तो आणखी जोर लावायचा, ती आणखी सुटायची. दुपारपर्यंत मांड्या भरून आल्या आणि म्हणाला बोर्डात डिफेक्ट आहे. डिफेक्ट काही नव्हता, बिल्डरने सांगितलेल्या वजनाला तंतोतंत बनवला होता. पुढे तो बोर्ड खरोखर तेवढ्या वजनाच्या एकाने घेतला आणि त्याच्या पायाखाली तो सुरेख चालतोय.

माझी सवय सांगतो. बूट, हेल्मेट, जॅकेट सगळं घालून वजन करायचं, नुसतं वजनही करायचं, आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून द्यायचे. बिल्डरला व्हिडिओ पाठवायचा, एक मागून, एक बाजूने, पडलेला भाग न कापता. सोबत स्वतःच्या रेघेचा फोटो. तुम्ही स्वतःला काय समजता यापेक्षा ती रेघ बिल्डरला जास्त सांगते.

कंबर (बोर्डाची मधली, सगळ्यात अरुंद जागा) अरुंद मागणं. जुने रेस बोर्ड 18-19 सेंटिमीटर कमरेचे असायचे, पाय 60 अंशांच्या पुढे वळवून. आता बोर्ड रुंद झालेत आणि बाइंडिंगचे (बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या जोडणीचे) कोन खाली आलेत, उभं राहणं त्यामुळे सोपं झालंय. तरी "अरुंद म्हणजे चपळ" हे डोक्यातून जात नाही. बाइंडिंग तुमच्या कोनात ठेवा, बूट अडकवा, गुण्या लावून टाच आणि चवडा एजच्या बाहेर येतो का बघा. मी दोन-तीन मिलिमीटर आतच ठेवतो. बूट बर्फाला घासला की एज उचलली जाते आणि तुम्ही आडवे.

नोजवर तुटून पडणं

जुन्या बोर्डावर शिकलेल्यांचं हे हमखास. तेव्हा वळणात शिरायला नोजवर भार टाकावाच लागायचा. आता नोज लांब, मऊ आणि आधीपासूनच वर उचललेलं असतं, बोर्ड कलवला की ते आपोआप बर्फात शिरतं, तुम्ही फक्त मधोमध उभं राहायचं. ओळखीतल्या एक ताई, हार्डबूटवर (कडक कवचाच्या बुटांवर) अनेक वर्षं काढलेल्या, अतिशय ताकदीने चालवणाऱ्या. वसंतातली दुपार, बर्फ मऊ झालेला, लोकांनी ढीग करून ठेवलेले, आणि ताई पहिल्यासारखंच पुढे झोकून देत वळणात शिरल्या. नोज ढिगात घुसलं, बोर्ड थांबला, ताई पुढे. त्यांना लागलं नाही. बोर्डाचं नोज मात्र पुढच्या बाइंडिंगच्या वीतभर पुढून वर वाकलं ते तसंच राहिलं, वरच्या थरावर बोटाला लागेल अशी आडवी सुरकुती. फायबरग्लास एकतर परत येतो नाहीतर मोडतो. पत्रा एका मर्यादेपलीकडे गेला की वाकलेलाच राहतो.

तिथे कोणीतरी म्हणालं गुडघ्यावर घेऊन उलटं वाकवा. हे अजिबात करू नका! सुरकुती पडलेल्या जागी पत्रा आधीच थकलेला असतो आणि खालच्या गाभ्यापासून सुटायला लागलेला असतो, उलटं वाकवून तुम्ही ते काम पूर्ण करता. सरळ कडेची लांब पट्टी बेसवर (बोर्डाच्या तळावर) ठेवा, किती फट पडते त्याचा फोटो काढा, बिल्डरला पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत बोर्ड चालवू नका. मऊ, ढिगाऱ्यांच्या बर्फात मी मेटल बोर्ड काढतच नाही, जुना फायबरग्लासचा बोर्ड त्यासाठीच ठेवलाय.

गरम इस्त्री. वॅक्स करताना एका जागी इस्त्री थांबवायची नाही. पत्रा उष्णता भराभर पसरवतो आणि चिकटवलेले थर उष्णतेनेच सुटतात. माझा एक हात सतत बोर्डाच्या वरच्या बाजूला असतो, कोमट लागलं की थांबलो. इस्त्रीतून धूर निघत असेल तर ती फार म्हणजे फारच तापली आहे.

लांब स्क्रू. बाइंडिंगचा एम6 चा स्क्रू आधी नुसत्या बोटांनी इन्सर्टमध्ये (बोर्डात बसवलेल्या आट्यांच्या भोकात) फिरवा, किती आटे बसतात मोजा, मग बाइंडिंगची जाडी मिळवा. लांब स्क्रू पान्ह्याने आवळलात तर बेसला खालून टेंगूळ येतं.

प्लेट नंतर बघू म्हणणं. बाइंडिंगखालची प्लेट बोर्डाला मोकळेपणी वाकू देते, खाचा पडलेल्या ट्रॅकवर तिचा फायदा मोठा. नवशिक्याला लगेच नको, वजन आणि उंची वाढते. पण पुढे लावायची शक्यता असेल तर त्याचे इन्सर्ट ऑर्डर देतानाच सांगा. तयार मेटल बोर्डात ड्रिल घालणं म्हणजे पैसे देऊन पत्रा कमकुवत करून घेणं.

"बोर्ड वळणात शिरत नाही" ही तक्रार. याचं कारण बऱ्याचदा कानस असते. नोजजवळची एज बोथट करायची जुनी सवय असते, बर्फाला टेकणाऱ्या जागेच्याही मागे काही सेंटिमीटर लोक घासून टाकतात. नोज वर उचललेल्या बोर्डात ती जागा ठरलेली नसते, सपाट ठेवल्यावर टेकते त्याहून बरीच पुढे, बोर्ड कलवल्यावर टेकते, म्हणजे ज्या एजने वळणात शिरायचं तीच तुम्ही मारून टाकली. बोर्ड टेबलावर आडवा कलवून बघा, एज कुठून टेकायला लागते तिथे मार्करने खूण करा, आणि त्या खुणेच्या पुढेच, तेही हलक्या हाताने, घासा. आधीच घासून बसला असाल तर साइड एज पुन्हा धारेला आणा, खालच्या बेवेलला (बेसच्या बाजूने एजला दिलेल्या तिरपेपणाला) हात लावू नका, आणि मगच बिल्डरला फोन करा.